अर्ज, नानांमार्फत

जळगावात त्या काळी एखाद्या मास्तराला मुख्याध्यापक व्हायची हुक्की आली, की तो नवस नंतर बोलायचा, आधी देवरे नानांचं घर गाठायचा. एम.ए., बी.एड. झालेली, वर्गात तास तास बोलूनही घसा न बसणारी माणसं स्वतःच्या नोकरीचा अर्ज लिहायला बसली की त्यांना दरदरून घाम फुटायचा. मग 'साहेबांच्या चरणी सविनय'पासून सुरू होऊन 'आपले उपकार जन्मभर विसरणार नाही'पर्यंत काय वाट्टेल ते लिहून आणायची. नाना तो कागद डोळ्यांजवळ धरून वाचायचे आणि म्हणायचे, "मास्तर, हा अर्ज शे, का सावकाराले लिखेल चिठ्ठी?"

पंडित देवरे हे नानांचं पूर्ण नाव. रुळांच्या पलीकडे एका खासगी संस्थेची शाळा होती, तिचे ते मुख्याध्यापक. मूळचे पारोळ्याकडचे. हातात पेन असलं की मराठी शुद्ध, पेन खाली ठेवलं की अहिराणी. त्यांच्या हाताखालून गेलेले अर्ज वाया जात नाहीत, अशी ख्याती थेट शिरपूरपर्यंत होती. धुळ्या-जळगावातले निदान डझनभर मुख्याध्यापक नानांच्या वाक्यांवर खुर्चीत बसले होते, आणि त्यातले बरेचसे खुर्चीत बसल्यावर नानांना विसरलेही होते. जगाची रीतच ती.

या नानांच्या शाळेत कलावती सुरवाडे पर्यवेक्षिका होती. पर्यवेक्षिका म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नसेल त्याने एवढंच समजावं, की शाळेत जे काही घडतं ते तिने करायचं आणि त्याच्याखाली मुख्याध्यापकांनी सही करायची. वेळापत्रक तिचं, गैरहजर मास्तरांच्या जागी दुसरा पाठवणं तिचं, तपासणीला साहेब आले की कुठली फाइल पुढे करायची ते तिचं. शिक्षकांच्या खोलीत "नाकापेक्षा मोती जड झालाय" असं कोणीतरी कुजबुजायचंच. तिने ते कधी मनावर घेतलं नाही. नानांच्या नाकात आपण मोती आहोत, याचाच तिला आनंद होता.

कारणही तसंच होतं. कलावती नशिराबादची, झिपरू आणि आक्काबाईची मुलगी. आई-बाप दुसऱ्याच्या शेतात राबणारे. बौद्धवाड्यातून मॅट्रिक झालेली ती पहिली पोर. शाळेत नव्याने लागली तेव्हा शिक्षकांच्या खोलीतल्या माठावरून कुजबुज सुरू झाली होती. उघड कोणी बोलायचं नाही, पण तिने पाणी घेतलं की मागाहून दोघे-तिघे घरून आणलेल्या तांब्यातलं प्यायचे. नानांच्या ते लक्षात आलं. मधल्या सुट्टीत ते खोलीत येऊन बसले आणि सगळ्यांदेखत मोठ्यांदा म्हणाले, "कला, माले पानी दे बरं माठमधलं." तिने दिलं, ते प्यायले, आणखी मागून प्यायले. दुसऱ्या दिवसापासून तांबे बंद झाले. त्या दिवसापासून कलावतीने नानांचा शब्द खाली पडू दिला नाही. बापाने जन्म दिला आणि नानांनी मान दिला, असं ती नवऱ्याला शंभरदा तरी सांगत असेल.

पण मान वेगळा आणि पद वेगळं. नाना निवृत्त झाल्यावर खुर्ची कोणाची, याचा हिशेब संस्थेत आधीच झालेला होता. तिच्या आधी लागलेले उखर्डू चौधरी सर सेवाज्येष्ठतेत वर होते. नोकरीने थोरले, वयाने धाकटे आणि प्रकृतीने ठणठणीत. म्हणजे कलावती रिटायर होईपर्यंत तेच त्या खुर्चीत बसणार. या शाळेत ती पर्यवेक्षिका म्हणून आली नव्हती, पण पर्यवेक्षिका म्हणूनच जाणार होती.

म्हणून एकोणनव्वद सालच्या जानेवारीत तिचा नवरा मगन पेपर हातात घेऊन धावत घरी आला तेव्हा ती हातातलं काम टाकून उठली. मगन एस.टी.च्या वर्कशॉपात होता. हाताला ग्रीस तसंच, आणि पेपरावर काळे ठसे. "कला, हे पाय! हे जागा तुहीच हाये."

धुळ्यातल्या एका मोठ्या संस्थेला मुलींच्या शाळेसाठी मुख्याध्यापिका हवी होती. जागा राखीव, संस्थेत त्या वर्गातली लायक बाई नाही, म्हणून जाहिरात. अनुभवी महिलेस प्राधान्य. अर्ज सध्याच्या मुख्याध्यापकांमार्फत पाठवावा. अशी जागा पुन्हा केव्हा निघेल, आणि निघाली तरी तेव्हा वय राहील का, हे दोघांनाही न बोलता कळलं. मगन म्हणाला, "मी बदली मांगतो धुळे डेपोत. तू फक्त अर्ज टाक."

ती पेपर घेऊन नानांकडे गेली. नानांना इतका आनंद झाला की त्यांनी शिपायाला पाठवून जिलेबी आणवली. "मनी कला हेडमास्तरीन व्हई!", माझी कला हेडमास्तरीण होणार, असं ते दारातून जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत सुटले. त्या आनंदात खोट नव्हती, हे मी आधीच सांगून ठेवतो. पुढे जे झालं त्यामुळे कोणी नानांना लबाड म्हणेल, पण ते लबाड नव्हते. लबाड माणसाला आपण सहज शिव्या देऊन मोकळे होतो. इथे तीही सोय नव्हती.

शाळा सुटली की रोज दोघं नानांच्या केबिनमध्ये अर्ज घेऊन बसायची. पहिल्या मसुद्यात तिने शेवटी लिहिलं होतं, 'माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा.' नानांनी तिला ते वाक्य दोनदा वाचायला लावलं आणि पेन खाली ठेवलं.

"सहानुभूती कसाले पाहिजे? तू काय पूरग्रस्त शेस का?"

"नाना, तसं लिहायची पद्धत असते."

"पद्धत गई चुलीत. त्यास्ले शाळा चालाडनारी बाई पाहिजे शे. तू शेस का नही?"

"आहे."

"मंग तसं लिख. ताकाले जाईसन भांडं दपाडू नको."

ती हसली आणि तिने ओळ खोडली. दुसऱ्या मसुद्यात तिने सगळीकडे 'शाळेने' असं लिहिलं होतं. शाळेने मुलींची गळती थांबवली, शाळेने प्रयोगशाळा उभारली. नाना म्हणाले, "शाळानी करं म्हने! शाळा कोन? भिंती करतीन का? कोनी करं, ते सांग."

मुलींच्या गळतीची गोष्ट अशी होती. दिवाळीनंतर कापूस वेचणी सुरू झाली की आसपासच्या वस्त्यांतल्या मुली आईबरोबर शेतात जायच्या. सलग गैरहजेरीमुळे नावं कमी व्हायची आणि कमी झालेलं नाव पुन्हा पटावर येत नसे, कारण तोवर पोरीचं लग्न ठरलेलं असे. कलावती स्वतः लहानपणी वेचणीला गेलेली. तिला माहीत होतं की आयांपुढे बडबड करून उपयोग नाही. पोरीची मजुरी बुडाली तर संध्याकाळी पीठ कमी पडतं. म्हणून तिने वेचणीच्या दिवसांत मोठ्या मुलींचे तास भल्या पहाटे घ्यायला सुरुवात केली. मुली शाळा करून शेतात जायच्या. स्वतः ती थंडीत कंदील घेऊन शाळा उघडायची. आणि वस्तीत जाऊन आयांच्या शेजारी बसून, त्यांच्याबरोबर बोंडं सोलत, पोरीची जबाबदारी माझी असं सांगायची. तीन-चार वर्षांत मुली टिकायला लागल्या. दहावीला बसल्या.

संस्थेच्या अहवालात हे सगळं 'मुख्याध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली' असं छापून यायचं. नाना तो उपक्रम प्रत्येक सभेत सांगायचे, आणि सांगता सांगता आपणच कंदील धरला होता असं त्यांना प्रामाणिकपणे वाटायला लागलं होतं. माणसाचं असं होतं. त्यांनी फक्त परवानगीच्या कागदावर सही केली होती.

"लिख," नाना म्हणाले, "'मी केले.' खरंच तर शे."

तिने लिहिलं: 'वेचणीच्या काळात मुलींसाठी पहाटेचे वर्ग मी सुरू केले.' लिहिताना तिला नागवं झाल्यासारखं वाटलं. मी मी करणारी बाई तिच्या आईच्या भाषेत चांगली नव्हती. पण नानांनी सांगितलं म्हणून लिहिलं. प्रयोगशाळेच्या ओळीतही तसंच. नवी पेठेतल्या सुगनबाई या म्हाताऱ्या शेठाणीच्या ओसरीवर तिने कित्येक चकरा मारल्या होत्या, त्यांच्या नातीला गणित शिकवलं होतं, तेव्हा कुठे शाळेला सामान मिळालं. नानांना एवढंच ठाऊक होतं की सुगनबाईंनी देणगी दिली. "तू जाये का तठे?" त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "तुम्हाला कशाला त्रास." नानांनी पुढची ओळ वाचायला सांगितली.

पहिले काही दिवस केबिनमधून हसण्याचा आवाज बाहेर व्हरांड्यात यायचा. आठवडाभराने तो कमी झाला. एकेका ओळीतलं 'शाळेने' जात होतं आणि 'मी' येत होतं. तपासणीची तयारी, मी. बोर्डाच्या केंद्राची व्यवस्था, मी. नव्या शिक्षकांचे पाठ पाहणं, मी. नाना विचारायचे, "हे बी तूच?" आणि ती अपराधी चेहऱ्याने मान हलवायची. तिला वाटायचं, नानांना आपलं कौतुक वाटतंय. कौतुक होतंच. पण त्या कौतुकाखाली दुसरं काहीतरी हळूहळू जमत होतं आणि ते तिला दिसलं नाही. शाळेतल्या कुठल्या पोराला ताप आलाय हे चेहऱ्यावरून ओळखणारी बाई ती, पण नानांच्या चेहऱ्याकडे तिने तशा नजरेने कधी पाहिलंच नव्हतं. देवळातल्या मूर्तीला ताप आला का, असं कोणी पाहतं का?

नानांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, तिच्याशिवाय शाळेत कोणाला ते माहीत नव्हतं. सरकारी पत्रं तीच वाचून दाखवायची, सही कुठे करायची तिथे बोट ठेवायची. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. ऑपरेशनला ते घाबरत होते.

अर्जाची पक्की प्रत तिने स्वतःच्या टपोऱ्या अक्षरात लिहिली आणि नानांना मोठ्यांदा वाचून दाखवली. नाना डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर त्यांनी डोळे उघडले. मग म्हणाले, "हाऊ अर्ज आयकीसन कोन नही म्हनी?"

"मग पाठवायचा?"

"मनाजोडे ठेव. मना शेरा लिखसू, शिक्का मारसू, मीच रजिस्टरनं धाडसू."

तिने वाकून त्यांच्या पायांना हात लावला. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो नेहमीपेक्षा जास्त वेळ तिथेच राहिला.

आता आगाऊ प्रतीचं. नोकरदार माणसाला हे सांगावं लागत नाही, पण ज्याने कधी चाकरी केली नाही त्याच्यासाठी सांगतो. साहेबांमार्फत जाणारा अर्ज साहेबांच्या टेबलावर झोपू शकतो. म्हणून शहाणा माणूस त्याचीच एक प्रत 'आगाऊ' असं लिहून परस्पर टपालाने टाकून देतो. मूळ अर्ज मागून येवो न येवो, नाव तर लागतं. नानांकडे येणाऱ्या प्रत्येक मास्तराला कलावतीच दारात गाठून सांगायची, "आगाऊ प्रत टाकायला विसरू नका हं." लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण म्हणतात ते असं.

मगन तिच्या मागेच लागला. "एक प्रत टाक ना रजिस्टरनं. काय जातं तुहं?"

"अहो, ती प्रत नानांच्या पाकिटाआधी धुळ्याला पोचली आणि त्यांना कळलं तर?"

"कळू दे."

"म्हणजे माझा नानांवर भरवसा नव्हता, असं नाही का होणार? ज्यांनी मला अर्ज लिहायला शिकवला, त्यांच्याच मागून मी चोरून अर्ज टाकू?"

"याच्यात चोरी कसली? सगळेच टाकतात."

"सगळ्यांकडे नानांनी पाणी मागितलं नव्हतं," ती म्हणाली. तो बाहेर जाऊन विडी ओढत बसला.

मग वाट पाहणं सुरू झालं. मुलाखतीचं पत्र आज येईल, उद्या येईल. तिने मनातल्या मनात धुळ्याच्या त्या न पाहिलेल्या शाळेत कितीतरी फेऱ्या मारल्या. कापूस तिकडेही होताच, वेचणीही होती, म्हणजे मुली गळतच असणार. पहिल्या दिवशी प्रार्थनेनंतर काय बोलायचं तेही तिने ठरवून ठेवलं होतं, आणि पोळ्या लाटताना ते स्वतःशी पुटपुटायची. मगन चिडवायचा, "बाई, पोळी करपली. हेडमास्तरीनबाईंची पोळी करपते का कधी?" बेचाळिशीतली बाई लग्न ठरलेल्या पोरीसारखी लाजायची. इतकी खूश तिला मगनने त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, आणि नंतरही पाहिलं नाही.

नाना त्या दिवसांत फार गोड वागत होते. येता-जाता चहाला बोलवायचे. शिक्षकांच्या सभेत उभे राहून म्हणाले, "ही शाळा जी काही आहे ती सुरवाडेबाईंमुळे आहे." सगळे चकित झाले. चौधरी सरांचं तोंड उतरलं. कलावतीला वाटलं, लेक सासरी निघाली की बाप असाच वागतो. एकदाच तिने भीत भीत विचारलं, "नाना, धुळ्याहून पोच आली का हो?" नाना फाइलीत डोकं घालून म्हणाले, "ई जाई, ई जाई," म्हणजे येईल, येईल. तिला विचारल्याचीच लाज वाटली.

एप्रिलमध्ये मगनच्या पुतण्याचं लग्न धुळ्याला होतं. बुद्धवंदना झाली, हार घातले गेले, पंगती बसायला लागल्या, आणि कलावतीला काही राहवेना. आलोच आहोत तर संस्थेच्या कार्यालयात जाऊन फक्त चौकशी करू, म्हणून ती नवऱ्याला घेऊन निघाली. पायांत लग्नातल्या नव्या चपला, केसांत गजरा. आपण उमेदवार दिसत नाही म्हणून तिने गजरा जिन्यातच काढून पिशवीत टाकला.

कार्यालयात सुपडू नावाचे म्हातारे कारकून होते. त्यांनी नाव विचारलं, रजिस्टर पाहिलं, पुन्हा पाहिलं. "बाई, तुमचा अर्ज नाही आमच्याकडे."

"असेल हो. जळगावहून. देवरे सरांमार्फत."

"देवरे सरांमार्फत काहीच आलं नाही."

आतल्या खोलीत संस्थेचे सचिव माणकचंद शेठ बसले होते. बोलणं ऐकून ते स्वतः उठून बाहेर आले. "सुरवाडेबाई म्हणजे पहाटेची शाळा घेता त्या तुम्हीच का? अहो, आमच्या नात्यातल्या सुगनबाईंनी मला तुमच्याबद्दल सांगितलं होतं. मी कमिटीत म्हणालो होतो, जळगावच्या एका बाईंचा अर्ज येईल, थोडं थांबा. मुदत संपल्यावरही आम्ही थोडं थांबलो. मला वाटलं, तुमची इच्छा नसेल."

"इच्छा होती," कलावती म्हणाली.

"दोंडाईच्याच्या बाईंची नेमणूक झाली. मान्यतेला कागद गेले. आता माझ्या हातात काही नाही." शेठ खरोखरच हळहळले. "निदान आगाऊ प्रत तरी टाकायची, बाई. एवढ्या शिकलेल्या तुम्ही."

ती जिना उतरली तेव्हा मगनने तिचा दंड धरला होता. लग्नघरी परत न जाता दोघं तशीच स्टँडवर आली. पारोळा, एरंडोल, सगळा रस्ता मगन पोस्ट खात्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. कलावती खिडकीबाहेर पाहत होती. तिला रडू येत होतं, पण मध्येच थांबत होतं, कारण तिच्या मनात एकच विचार येत होता: नानांना हे कसं सांगायचं? म्हातारं माणूस, डोळे असे, एवढ्या हौसेने जिलेबी वाटलेली. ऐकून त्यांना काय वाटेल! आपलं दुःख बाजूला सारून ती नानांच्या दुःखाची तयारी करत होती.

दुसऱ्या दिवशी रविवार. ती सकाळीच नानांच्या घरी गेली. नाना ओसरीवर खाटेवर बसले होते. त्यांच्या पत्नी लिलाबाई ज्वारी निवडत होत्या. कलावती खाली चटईवर बसली आणि वाटेत जुळवून ठेवलेली वाक्यं तिने एका दमात बोलून टाकली.

"नाना, मनाला लावून घेऊ नका. काल धुळ्याला गेले होते. अर्ज पोचलाच नाही त्यांना. पोस्टात गहाळ झाला. जागा भरली गेली. होतं असं कधीकधी. माझ्या नशिबात नसेल. पण तुम्ही त्रास करून घेऊ नका, तुमचं बी.पी. वाढेल."

लिलाबाईंच्या हातातलं सूप थांबलं. "मेले पोस्टवाले! पोरीचं वाटोळं केलं गं." मग त्या नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही तक्रार करा. पावती असेल ना?"

नाना खाटेची कड धरून वाकून बसले. गोष्ट तिथेच संपू शकली असती. पोस्ट बिचारं बदनाम झालं असतं, त्याला सवय आहे. कलावतीने दुःख गिळलं असतं आणि नाना तिच्या नजरेत होते तसेच राहिले असते. पण ती पुढे सरकली आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "नाना, तुम्ही माझ्यासाठी जेवढं केलं तेवढं कोणी करत नाही. असे खचू नका."

ते नानांना सोसवलं नाही.

"पोस्टाले बोल लावू नको, कला," ते म्हणाले. "अर्ज मी धाडाच नही."

तिला वाटलं, विसरले. म्हातारपण. ती म्हणणारच होती की असू द्या, विसरायला होतं.

"भुली नही गवू," नाना म्हणाले. मग त्यांनी अहिराणी सोडली. जणू वरच्या साहेबांपुढे जबाब द्यायचा होता. "रोज कपाटातून काढायचो. रोज म्हणायचो, उद्या पाठवू. तो अर्ज धुळ्याच्या लोकांना पटावा म्हणून आपण लिहिला. त्यांच्याआधी तो मला पटला, कला. एकेक ओळ तू वाचत होतीस आणि मला कळत होतं की या शाळेत मी नाहीच. सगळं तूच आहेस. तू गेलीस तर महिनाभरात जगाला दिसलं असतं. मला वाचता येत नाही, वेळापत्रक लावता येत नाही, साहेब आले तर काय बोलावं सुचत नाही. दोनच वर्षं राहिली. वाटलं, एवढी दोन वर्षं निभावून जाऊ दे. पस्तीस वर्षांची अब्रू होती गं."

लिलाबाईंनी सूप खाली ठेवलं आणि पदर तोंडाला लावला. कलावतीने नानांच्या गुडघ्यावरचा हात काढून घेतला. केसाने गळा कापणं म्हणतात ते तिने मुलांना वाक्यात उपयोग करायला कितीदा तरी दिलं होतं. त्याची वेदना कशी असते ते त्या क्षणी कळलं. रक्त येत नाही, श्वास तेवढा जातो.

"आणि माझी?" ती म्हणाली. "माझी वर्षं, नाना?"

नानांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

ती बराच वेळ रडली. ओरडली नाही. सुरवाडेबाईंच्या रडण्याला आवाज कसा नाही, म्हणून अंगणातून पाहणारी शेजारची बाई नंतर लिलाबाईंना विचारत होती. मग तिने पदराने तोंड पुसलं आणि जे बोलली ते अगदी हळू बोलली.

"तुम्ही अर्ज पाठवणार नाही म्हणून सांगितलं असतं ना, नाना, मला एवढं लागलं नसतं. तुम्ही नुसतं म्हणायचं होतं, कला, जाऊ नको. मला दिसत नाही, मला तुझी गरज आहे. मी धुळं सोडलं असतं. तुमच्यासमोर तो अर्ज फाडला असता, आणि घरी जाऊन मगनला सांगितलं असतं की मलाच नको होती ती नोकरी. जन्मभर पर्यवेक्षिका राहिले असते आणि जन्मभर सुखात राहिले असते, कारण ते मी तुम्हाला दिलेलं असतं. मला द्यायला दुसरं होतंच काय?"

नानांचे ते अर्धे मिटलेले, ढगाळ डोळे वाहायला लागले. त्यांनी चाचपडत तिचा हात शोधला. "मंग आते मांगस," ते म्हणाले. "कला, आते मांगस मी. जाऊ नको."

कलावतीने त्यांच्याकडे पाहिलं. उद्या सोमवार होता, तिला शाळेत जायचं होतं, परवाही जायचं होतं, नाना निवृत्त होईपर्यंत आणि त्यानंतर चौधरी सरांच्या हाताखालीही जायचंच होतं.

"आता कुठे जाणार आहे मी, नाना?" ती म्हणाली, आणि आपला हात हळूच सोडवून घेऊन उठली.